पिशवी आधी उलटी करा : घरातल्या माणसाच्या रोजच्या गोळ्या सुटू नयेत म्हणून

बेळगावातून खानापूरकडे जाणाऱ्या पट्ट्यात एका गावात माझं मेडिकल आहे. काउंटरमागे वीसेक वर्षं गेली. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्यांचे चेहरे आणि त्यांच्या गोळ्या दोन्ही पाठ झालेत, त्यामुळे कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही हे आधी ध्यानात येतं. ३० गोळ्या नेलेला माणूस ४५ दिवसांनी उगवला तर हिशेब सरळ आहे, मधले १५ दिवस गोळी पोटात गेलेली नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘चालू हाईत की गोळ्या. बंद कुठं केलोय?’

पुण्या-गोव्याला नोकरीला असलेली मुलं फोन करून विचारतात, कप्प्यांचा डबा कुठला चांगला, मोबाईलवर गजर लावला तर चालेल का. चालेल की. खरं, (आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात) ज्याला गोळी घ्यायची आहे आणि फक्त आठवत नाही, त्याच्यासाठी तो डबा आहे. माझ्या बघण्यात अशी माणसं थोडी. बाकीच्यांनी गोळी विसरलेली नसते, सोडलेली असते. मनाशी ठरवून आणि घरात कुणाला न सांगता. त्यांच्या उशाशी दहा गजर लावले तरी ते गजर बंद करून कूस बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली मांडलं होतं की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराची औषधं साधारण निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे घेतात. तेव्हा तुमच्या घरातला माणूस काही जगावेगळा हट्टी नाही. डबा आणायच्या आधी जी कामं करायची असतात, त्यांबद्दल मी इथं जास्त लिहिणार आहे.

पहिलं काम : पिशवी उलटी करणे

प्रत्येक घरात औषधांची एक पिशवी असते. देवळीत, टीव्हीच्या मागं, नाहीतर तांदळाच्या डब्याला टेकून. एखाद्या दुपारी निवांत बसून ती चटईवर पूर्ण उलटी करा. ज्याच्या गोळ्या आहेत तो माणूस समोर पाहिजे. त्याच्या माघारी केलंत तर उद्या तीच पिशवी दुसऱ्या जागी लपते.

तीन ढीग घाला. रोज चालू असलेल्या, मागच्या कुठल्यातरी ताप-खोकल्यातून उरलेल्या, आणि ‘ही कशाची कुणास ठाऊक’. तिसरा ढीग मोठा निघाला तर घाबरू नका, बहुतेक घरांत मोठाच निघतो. तारीख उलटलेल्या गोळ्या लगेच बाजूला काढा.

आता पाकिटं वाचायची. मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं दिलेलं नाव, जवळच बारीक अक्षरात असतं ते औषधाचं. वाचायचं ते बारीक. आमच्या सीमाभागात याला फार महत्त्व आहे, कारण इथला माणूस एका डॉक्टरवर राहत नाही. हृदयाचं दाखवायला मिरजेला किंवा कोल्हापूरला, शुगरचं बेळगावात, अंगदुखीला गावातल्याच डॉक्टरकडं, आणि फुकट मिळतात म्हणून बीपीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून. मिरजेत लिहिलेली कंपनी चिकोडीत मिळत नाही, चिकोडीतली आमच्या दुकानात नसते. दर ठिकाणी वेगळं पाकीट हातात पडतं आणि आत तेच बीपीचं टेल्मिसार्टन. माझ्याकडं येणाऱ्या एक आज्जी दोन कंपन्यांची तीच गोळी महिनाभर सकाळ-संध्याकाळ घेत होत्या. बसलेल्या उठल्या की डोळ्यांपुढं अंधारी. मग त्यांनी निष्कर्ष काढला की बीपीची गोळी आपल्याला सोसत नाही, आणि दोन्ही बंद केल्या. घरच्यांच्या लेखी आज्जी ‘औषध चुकवते’. चूक आज्जीची होती का?

पिशवीत आणखी एक चोर सापडतो, दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक असली नावं. शेतात वाकून काम करणारी, विडी वळायला दिवसदिवस मांडी घालून बसणारी माणसं ही गोळी शेंगदाण्यासारखी खातात. ती बीपी वाढवते आणि रोजच्या रोज घेतली तर किडनीला इजा करते. गंमत अशी की ‘गोळ्या खाऊन किडनी जाते’ या भीतीनं लोक बीपीची गोळी सोडतात आणि दुखण्याची चालू ठेवतात. बेताबाहेर गेलेला बीपी तर स्वतःच किडनी खातो. अशी गोळी पिशवीत सापडली तर डॉक्टरांना दाखवायच्या कागदावर तीही लिहा. मुळ्या, काढे, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, सगळं लिहा.

हा कागद ह्याच बैठकीत तयार करायचा, मराठीत: औषधाचं बारीक अक्षरातलं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, केव्हा, कुणी दिलं. ‘कशासाठी’ ही जागा मोकळी राहिली तर ती गोळी लवकरच सुटणार असं समजा. आपण काय गिळतोय हे ज्याला माहीत नाही तो किती दिवस गिळणार? कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

आणि आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधाभोवती लाल पेनानं गोल करा. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी सहसा आठवड्याला एक असते, लोक रोज घेतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात तेही आठवड्यातून एकाच दिवशी. ते चुकून रोज घेतलं गेलं तर जीवावर बेततं. त्या पाकिटावर वार लिहून ठेवा, ‘फक्त सोमवार’ असं.

दुसरं काम : विचारणे, खरं नीट

‘गोळी घेतलीस काय?’ या प्रश्नाला ‘हो’ शिवाय उत्तर नाही. शाळेत गृहपाठ केलास का विचारल्यावर येतं तसलं ते ‘हो’. त्यापेक्षा चुकणं धरूनच विचारा.

‘आज्जी, ह्या आठवड्यात किती दिवस चुकली गं गोळी?’

‘तीनेक दिस चुकली असंल की. भाताच्या लावणीला गेलतो नव्हं. पाण्यात हुबं राहून सारखं लघवीला कुठं जातीस?’

हे उत्तर एका नातीला मिळालं. (बायकासुद्धा ‘गेलतो’ म्हणतात हे बेळगावबाहेरच्यांना विचित्र वाटेल.) आज्जीच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. उघड्या शेतात आडोसा नाही, म्हणून लावणीच्या दिवसांत त्या गोळी गाळत होत्या. ही गोष्ट त्या डॉक्टरांशी बोलल्या नव्हत्या, मुलाशी बोलणं तर शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, प्रश्न मिटला. म्हणून कोण विचारतं हेही बघा. सुनेनं सगळ्यांसमोर विचारलं तर उलटतपासणी होते. नातवंडानं, शेजारच्या मैत्रिणीनं, कधी आमच्यासारख्या दुकानदारानं विचारलं तर खरं बाहेर येतं.

कारणं जी निघतात ती बहुतेक ह्यांतली असतात.

‘आता बरं वाटतंय’ हे पहिलं. बीपी, शुगर, थायरॉईड, कोलेस्टेरॉल दुखत नाहीत, त्यामुळे गोळी सोडली तरी दुसऱ्या दिवशी काही होत नाही. मी शेतकऱ्याला एवढंच विचारतो: बांध फुटला, तुम्ही माती लावली, पाणी थांबलं, आता पाणी थांबलंय म्हणून माती काढून टाकाल काय? बीपीचा आकडा चांगला आला तो गोळीमुळं आलाय.

दुसरं कारण गोळीचा त्रास. तो खरा असतो, मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नका. बीपीच्या ॲम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात. एनालाप्रिल, रामिप्रिल या बीपीच्याच गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि माणूस महिनोन् महिने खोकल्याचं औषध पीत बसतो. शुगरच्या मेटफॉर्मिननं सुरुवातीला पोट बिघडतं; जेवणासोबत घेतली की बऱ्याच जणांचं निभतं. लोहाच्या गोळीनं शौच काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हळूहळू विरघळणाऱ्या मेटफॉर्मिनचं तर वेगळंच. औषध अंगात उतरतं आणि नुसतं टरफल शौचातून अख्खं बाहेर पडतं. ते बघून ‘गोळी पचतच नाही’ म्हणून बंद केलेले किमान चौघे मला भेटलेत. त्रास होत असेल तर डॉक्टरांना गाठा. सूज-खोकल्याला पर्यायी गोळ्या आहेत.

तिसरं पैसे. हे तोंडावर कुणी बोलत नाही. ‘नंतर नेतो’ म्हणतात, किंवा ३० ऐवजी १० मागतात आणि एक दिवसाआड खातात. घरात दोघांना गोळ्या असतील तर बाईची आधी बंद होते, हे मी शपथेवर सांगेन. डॉक्टरांना जेनेरिक नावानं (म्हणजे पाकिटावरच्या त्या बारीक अक्षरातल्या नावानं) लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. किमतीतला फरक बघून लोक चकित होतात. (माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतोय, खरं असू दे.) प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या मुख्य गोळ्या मोफत मिळतात. कर्नाटकात २०२४ साली कोलारपासून सुरू झालेल्या ‘गृह आरोग्य’ योजनेत आरोग्य कर्मचारी घरी येऊन तपासणी करतात. तुमच्या आशाताईंना विचारून नाव घाला.

‘सवय लागते’ ही भीती दम्याच्या पंपाबद्दल फार. पंपानं सवय लागत नाही. गोळीपेक्षा त्यात औषध कितीतरी कमी असतं आणि ते थेट फुप्फुसात जातं. स्टेरॉईडचा पंप असेल तर ओढल्यावर पाण्यानं चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

आणि दारू. ‘आज घेतलोय, आज गोळी नको’ हा नियम पुरुषांनी स्वतःच बनवलेला आहे. आठवड्यातून तीनदा बसणाऱ्याची आठवड्यातून तीनदा गोळी जाते. डॉक्टरांना लाज सोडून सांगा. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांच्यावर दारू, तीही उपाशीपोटी, खरोखर धोक्याची असते.

दवाखान्यात : तीन भाषांच्या मध्ये

सिस्टर कन्नडमध्ये सांगते, चिठ्ठी इंग्रजीत असते आणि ऐकणारी आज्जी मराठी. शहरातल्या माणसाला कन्नड येतं. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या, उचगाव-येळ्ळूरकडच्या जुन्या बायकांना बाजारापुरतं. त्या ‘हूं हूं’ करून मान हलवतात आणि बाहेर येऊन मला विचारतात, काय म्हणाली रे ती?

भाषेचं राजकारण राजकारण्यांना करू दे, गोळीपुरते दहा शब्द सगळ्यांनी शिकून घ्यावेत. गुळिगे म्हणजे गोळी. ऊटद मोदलु म्हणजे जेवणाआधी, ऊट आद मेले म्हणजे जेवणानंतर. खाली होट्टे म्हणजे उपाशीपोटी. सकाळला बेळिग्गे म्हणतात, आमच्या भागात मुंजानेही म्हणतात. संजे म्हणजे संध्याकाळ. मध्यान्ह आणि रात्री आपलेच. अर्ध म्हणजे अर्धी. दिना म्हणजे रोज, वारक्कोम्मे म्हणजे आठवड्यातून एकदा, आणि हे दोन्ही शब्द पक्के पाहिजेत. बिडब्याड्री म्हणजे सोडू नका. निपाणीकडच्या एका तात्यांना डॉक्टर दोनदा बजावून ‘बिडब्याड्री’ म्हणाले. तात्यांना त्यात ‘बिडी’ ऐकू आली. त्यांनी आठवडाभर बिडी बंद केली, गोळीचं काय करायचं ते विचारायचं राहिलंच. बिडी सुटली असती तर मी काही बोललो नसतो.

चिठ्ठीवरची खूणही समजून घ्या. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. ही गोळी रोज खाणारे मी बघितलेत.

दवाखान्यातून निघताना ‘कळलं काय?’ विचारू नका, कळलंच म्हणतात. ‘आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगशील?’ असं विचारा आणि त्यांच्या तोंडून पूर्ण ऐका. जिथं अडखळतील तिथंच उद्या चूक होणार. तिथल्या तिथं परत विचारून घ्या, रांग खोळंबली तरी.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरूनच लिहून न्या. चार वेळच्या गोळ्या दोन वेळांत बसतील का? दोन औषधं एकाच गोळीत मिळतात, तशी आमच्यासाठी चालेल का? यातली कुठली आता बंद करता येईल? आणि कुठली एक दिवसही चुकवायची नाही? पहिल्या प्रश्नानंच अर्धं काम होतं. दिवसातून एकदाची गोळी माणूस सांभाळतो, तीनदाची कुणालाच जमत नाही. मला स्वतःला एकदा पाच दिवसांचा तीन वेळचा कोर्स होता; मेडिकलवाला असून दुपारच्या दोन राहिल्या.

गोळी घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा

‘सकाळी ८ वाजता’ हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला कळतं? कळतं ते धार काढणं, चूल पेटवणं, पहिला चहा, न्याहारीची भाकरी, तुळशीपुढचा दिवा, रात्रीची मालिका. जे काम रोज चुकत नाही त्याला गोळी जोडायची, आणि गोळी त्या कामाच्या जागीच ठेवायची. दिवा लावणाऱ्या आज्जीची संध्याकाळची गोळी काडेपेटीशेजारी. दात घासताना घ्यायची असेल तर ब्रशच्या पेल्याजवळ, मात्र ओल लागणार नाही अशी.

कुठली गोळी कशाला जोडायची याला नियम आहेत. थायरॉईडची उठल्याबरोबर, नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आमच्याकडं चहाशिवाय डोळा उघडत नाही, म्हणून ती उशाशी तांब्याजवळ ठेवायची आणि पहाटे लघवीला उठलं की घेऊन परत पडायचं. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर घेतली तर वायाच जाते म्हणा. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी न्याहारीला जोडलेली. न्याहारी नाही तर ती गोळीही नाही, हे लक्षात ठेवा. मेटफॉर्मिन घासाबरोबर.

वडगाव, खासबागेत मागावर रात्रपाळी करणाऱ्यांचं ‘रात्री’ म्हणजे दुपार असते. त्यांनी डॉक्टरांना पाळीचं वेळापत्रक दाखवून ‘झोपायच्या आधीची’ आणि ‘उठल्यावरची’ असं लिहून घ्यावं.

डबा, खुणा आणि कात्री

आता डबा. सात वार आणि दोन-तीन वेळा असे कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा पुरतो. दर रविवारी एकानंच भरायचा, कागद समोर ठेवून. डब्याचा खरा उपयोग आठवण देण्यापेक्षा ‘घेतली की नाही?’ या शंकेवर आहे. मंगळवारचा कप्पा रिकामा असेल तर घेतलेली आहे, परत घ्यायची नाही.

वाचता येत नाही अशांसाठी पाकिटावर मार्करनं सूर्य, चंद्र, भाकरीचा गोल काढा. एका घरात पाकिटांना रंगीत दोरे बांधलेले बघितले, सकाळची पिवळी, रात्रीची काळी. छान चाललं होतं, जोवर कंपनी बदलली नाही. पाकीट बदललं की खूण त्याच दिवशी नव्यावर करायची, जुनं पाकीट फेकायच्या आत.

गोळ्यांचा पत्ता (म्हणजे पट्टी) कापून घेणाऱ्यांना एक विनंती. पाच गोळ्या कापून नेता तेव्हा नाव आणि तारीख ज्या कडेला आहे ती कड दुकानात राहते. मेडिकलवाल्याला नाव-तारखेच्या बाजूचा तुकडा द्यायला सांगा, नाहीतर पाकिटात घालून त्यावर लिहून मागा. द्यायला पाहिजे.

गिळायला त्रास होतो म्हणून गोळी फोडून मधात कालवतात. नावापुढं एसआर, एक्सआर, ईआर, सीआर अशी अक्षरं असतील तर फोडायची नाही, दिवसभराचं औषध एका दमात अंगात जातं. ॲसिडिटीची पँटोप्रॅझोलही अख्खीच गिळायची. विचारलंत तर पातळ औषध किंवा लहान गोळी बहुतेक वेळा मिळते.

साठा, पाऊस आणि वीज

गोळ्या संपल्यावर दुकानात येणारा माणूस एक-दोन दिवस चुकवतोच. काही पत्ते १० चे, काही १४ चे, काही १५ चे. त्यामुळं चार औषधं चार वेगवेगळ्या दिवशी संपतात आणि कुणाचाच मेळ बसत नाही. एकदाच जादा पैसे घालून सगळी एका तारखेला आणा आणि त्या तारखेच्या पाच दिवस आधी दिनदर्शिकेवर खूण करा. बाजाराचा वार धरलात तर उत्तम, एका फेरीत काम होतं.

जांबोटी, कणकुंबीकडच्यांनी मृग लागायच्या आत १५ दिवसांचा जादा साठा करावा. जुलैत ओढे भरले की एसटी बंद, बस आली तरी दुकानात माल आलेला नसतो.

इन्सुलिनचा प्रश्न विजेचा. न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. वर बर्फाजवळ नाही, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. वापरायला काढलेलं मात्र थंड खोलीत साधारण चार आठवडे टिकतं. फ्रिज नसेल तर खानापूरचं मातीचं मडकं आहेच. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, लहान मडक्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं, सावलीत. इन्सुलिन पाण्यात बुडता कामा नये.

उपास, जत्रा आणि चुकलेली गोळी

एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजानचे रोजे. उपास करू नका म्हणून कुणी ऐकत नाही, आणि ‘उपासाला औषध चालत नाही’ म्हणणाऱ्यांना मी सांगून थकलो की देवाला गोळीचं वावडं नाही. बीपी, थायरॉईडच्या गोळ्या घोटभर पाण्यानं उपासातही घ्यायच्या. रोजे धरणाऱ्यांना वेळा बदलून मिळतात. अडचण शुगरची. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम खाली येते: दरदरून घाम, हातापायांना कंप, भूक, बडबड. माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत द्या, मग काहीतरी खायला घाला. कुंदा (आमची दुधाची मिठाई) नको. बेळगावकराला दुःख होईल, खरं कुंद्यातल्या दुधाच्या स्निग्धांशामुळं साखर रक्तात सावकाश चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. ही वेळ येऊ नये म्हणून उपासांचा महिना सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.

सौंदत्तीला यल्लम्माला, पंढरीला, नाहीतर पाहुण्यांच्या गावच्या लक्ष्मी यात्रेला निघालात की जेवढे दिवस तेवढ्या गोळ्या अधिक तीन दिवसांच्या, आणि यादीचा कागद. पिशवी गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात भट्टी होते.

गोळी चुकली तर? दिवसातून एकदाची असेल आणि त्याच दिवशी आठवली तर तेव्हाच घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं आणि फिट्सच्या गोळ्या यांना हा ढोबळ नियम लावू नका, त्यांचं डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन करून विचारा, कारण शुगरच्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात.

काही औषधं अचानक थांबवणं हाच आजार असतो. बीपी-हृदयाची मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल एकदम सोडली तर छातीत धडधड, दुखणं. फिट्सची सोडली तर फिट. बरेच दिवस घेतलेली स्टेरॉईडची गोळी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) बसवलेल्यानं रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन दात काढायचा आहे म्हणून स्वतःच्या मनानं थांबवायची नाही. मनाच्या आजाराच्या गोळ्याही हळूहळूच कमी करतात.

टीबीच्या घरात

टीबीच्या उपचाराला इथं वेगळी जागा द्यायलाच हवी, कारण तिथं सोडलेली गोळी शेजाऱ्यालाही भोवते. साधा टीबी म्हणजे किमान सहा महिने: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे, रोज. महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं आणि माणूस कामाला लागतो. गोळी नेमकी तिथंच सुटते, आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. लघवी केशरी-लाल होते ती रिफॅम्पिसिनमुळं. ते रक्त नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगा. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या तर मात्र त्याच दिवशी दाखवा. टीबीच्या रुग्णाच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून मिळतात (आधी ५०० होते). खातं जोडलं आहे का बघा. मदतीचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६.

लाज हा टीबीतला मोठा शत्रू. लग्नाच्या मुलीला टीबी झाला की घर गोळ्या लपवतं, लपवलेली गोळी चुकते. आशाताई घरी आलेल्या नको असतील तर त्यांना तसं सांगा. दुसरीकडं भेटून गोळ्या घ्यायची सोय होते.

लांब असलेल्या मुलांसाठी

रोज रात्री फोन करून ‘गोळी घेतलास काय बाबा?’ विचारू नका, आठवड्यात बाबा फोन उचलायचे थांबतात. जवळचा एकच माणूस नेमा: भाऊ, शेजारीण, दुधवाला का होईना. घरात बीपीचं यंत्र ठेवा आणि दर रविवारी मोजून आकडा वहीत लिहायला सांगा. बाबा आकडा मुद्दाम फोन करून सांगतात, चांगला आला तर. आकडा वाईट आला तर रागावू नका, त्या आठवड्यात काय झालं तेवढं विचारा.

महिना संपला की डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मोजा. एक-दोन उरल्या तर काही बोलायचं नाही. संशोधनात बहुतेक वेळा ८० टक्के गोळ्या गेल्या तर त्याला नियमित धरतात, म्हणजे ३० पैकी २४. (टीबीला ही सूट नाही.) सहापेक्षा जास्त उरल्या असतील तर नवा डबा, नवा गजर काही आणू नका. दुपारी चटई अंथरा, चहा ठेवा, आणि परत दुसऱ्या कामापासून सुरू करा: ‘ह्या महिन्यात किती चुकल्या गं?’